पाहुणचार समितीकडे सोपवता येत नाही

ख्रिस्ती मंडळीमंडळींत, म्हणजे चर्चांमध्ये, हल्ली एक वाद हटकून निघतो. उपासनेला कुणी नवा माणूस आला, परगावाहून बदली होऊन कुटुंब आले, परदेशातून शिकायला आलेला विद्यार्थी शेवटच्या बाकावर येऊन बसला, तर त्याचे आदरातिथ्य कुणी करायचे? एक बाजू म्हणते, घरी बोलावण्याचे दिवस गेले. घरे लहान, नवराबायको दोघेही नोकरीला, अनोळखी माणसाची खात्री कोण देणार? त्यापेक्षा उपासनेनंतर सभागृहात चहा ठेवावा, स्वागत समिती नेमावी, तिला थोडा निधी द्यावा, काम चोख होईल. दुसरी बाजू तावातावाने सांगते की खऱ्या ख्रिस्ती माणसाचे दार चोवीस तास उघडे असते आणि ज्याचे नसते त्याचा विश्वास थंडावलेला असतो. दोन्हीकडून वचने फेकली जातात, दोघेही एकमेकांना लाजवतात, आणि तोवर तो विद्यार्थी चहाचा कागदी कप डब्यात टाकून एकटाच खोलीवर परत गेलेला असतो. माझे मत सरळ आहे. घरातल्या जेवणाची जागा सभागृहातला चहा घेऊ शकत नाही आणि हे काम समितीकडे सोपवता येत नाही. पण ते खरोखर घडायचे असेल, तर सताड उघड्या दाराची भाषाही सोडावी लागेल. हवे आहे ते लहान, ठरलेले, मर्यादा आखलेले आणि पुन्हा पुन्हा होणारे बोलावणे.

मुळात शब्दापासूनच गल्लत होते. आपण ‘पाहुणचार’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर ओळखीचे चेहरे, ठेवणीतली भांडी आणि नटवलेले घर येते. नव्या कराराच्या ग्रीक मुळात शब्द आहे ‘फिलोक्सेनिया’. ‘क्सेनोस’ म्हणजे परका, म्हणून फिलोक्सेनिया म्हणजे परक्यावरचे प्रेम. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल हे प्रेम ‘करा’ एवढेच म्हणत नाही. त्याने वापरलेल्या क्रियापदाचा अर्थ आहे पाठलाग करणे, मागे लागणे. लगेच पुढच्या वचनात, म्हणजे १४व्यात, ‘छळणारे’ या अर्थाने तेच क्रियापद येते. छळणारा ज्या चिकाटीने माणसाच्या मागे लागतो त्या चिकाटीने परक्याला घरी आणण्याच्या मागे लागा, असा त्या दोन ओळींचा शेजार आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ३ऱ्या आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या १ल्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाची पात्रता सांगितली आहे, तिथेही अतिथिप्रिय असणे हे शिकवण्याच्या कौशल्याइतकेच स्पष्ट मागितले आहे. हे काम कुणाकडे तरी सोपवून भागणारे असते, तर ते माणसाची पात्रता म्हणून का नोंदवले असते?

समितीचा युक्तिवाद नवा आहे असेही नाही. सुमारे इ.स. ४०० मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिथला बिशप योहान ख्रिसोस्तोम नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकावर प्रवचने देत होता. त्याचे श्रोतेही हेच म्हणत होते की मंडळीकडे पैसा आहे, परक्यांची सोय ती करते, आम्ही कशाला? ख्रिसोस्तोमचे उत्तर अजून बोचते. मंडळी करते, पण त्याचा तुला काय लाभ? दुसरा प्रार्थना करतो म्हणून तुझी प्रार्थना सुटते का? मग त्याने त्यांना अगदी साधी गोष्ट सांगितली. आपल्या घरात एक खोली ख्रिस्तासाठी राखा. ती तळघरातली असो, हलकी असो, तो तिला नाक मुरडणार नाही. हे सांगणारा माणूस संस्थांचा विरोधक नव्हता हे ध्यानात घ्या. त्याच शहरात त्याने स्वतः रुग्णालये उभारली होती. संस्था कशासाठी असते आणि ती कुठवर पोचते, हे त्याला चांगले ठाऊक होते.

संस्थेच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. चौथ्या शतकात बिशप बासिलने कैसरिया शहराच्या वेशीबाहेर गरीब, रोगी आणि वाटसरू यांच्यासाठी मोठे आवार उभारले. कुष्ठरोग्याच्या जखमा बांधायला, तापलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे सांभाळायला एक घर पुरत नाही, तिथे शिकलेले हात आणि सततची व्यवस्थाच लागते. त्याच शतकात, ३६२ साली, ख्रिस्ती धर्म सोडलेला रोमन सम्राट ज्युलियन गलतिया प्रांतातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला वैतागून लिहितो की परक्यांवरच्या मायेमुळेच हे गालीली, म्हणजे ख्रिस्ती, वाढले, ते त्यांच्या गरिबांनाच नव्हे तर आपल्याही गरिबांना पोसतात. मग तो शहरोशहरी धर्मशाळा उभारायचा हुकूम देतो आणि गलतियासाठी वर्षाला ३०,००० मोदी (‘मोदी’ हे धान्याचे रोमन माप) धान्य मंजूर करतो. धान्य मंजूर करता येते, छप्पर बांधता येते. पण ज्या गोष्टीचा सम्राटाला हेवा वाटत होता ती धान्याच्या कोठारातून निघालेली नव्हती. संस्था माणसाला जागा देते. ‘गेल्या वेळी तुम्ही आईच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता, कसे आहे आता?’ हे विचारणारा माणूस संस्थेच्या नोंदवहीतून येत नाही. अनोळखी शहरात पडलेल्या माणसाला बहुधा जेवण मिळते, झोपायला जागाही मिळते. त्याची वाट पाहणारे घर मात्र एकही नसते.

सुरक्षिततेचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि ‘देवावर भरवसा ठेवा’ म्हणून तो उडवून लावणाऱ्यांनी आपलाच इतिहास वाचलेला नाही. पहिल्या पिढ्यांतले ख्रिस्ती लोक भोळे होते असे आपण समजतो. खरे तर त्यांना ठकवायला कोण कोण येते ते पक्के माहीत होते. दुसऱ्या शतकातल्या लूसियन या व्यंगलेखकाने तर ख्रिस्ती मंडळींच्या जिवावर चैन करणाऱ्या पेरेग्रिनसचे भरपूर हसे केले आहे. म्हणून तर ‘दिदाखे’ या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या नियमपुस्तिकेत आकडे आहेत. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. साधा वाटसरू दोन-तीन दिवस राहू शकतो. त्याला कायमचे राहायचे असेल आणि हातात कसब असेल तर त्याने काम करावे आणि खावे. योहानाचे दुसरे पत्र खोट्या शिक्षकाला घरात घेऊ नका म्हणते आणि तिसरे पत्र परक्या बंधूंना घरात घेणाऱ्या गायसाची पाठ थोपटते. दोन्ही पत्रे एकाच कराराची आहेत. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठांसाठीच्या नियमावलीचा ५३वा अध्याय ‘प्रत्येक पाहुण्याचा ख्रिस्त म्हणून स्वीकार करा’ या वाक्यासाठी सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच अध्यायात आहे की आधी पाहुण्याबरोबर प्रार्थना करा, मग शांतीचे चुंबन द्या, कारण सैतान फसवतो. दारावर कुणीही बसवू नका, समंजस वयस्क माणूस ठेवा, हे ६६व्यात येते. ४५१च्या खाल्केदोन इथल्या धर्मपरिषदेने गरजू प्रवाशांना मंडळीकडून शांतीची पत्रे द्यावीत असे ठरवले. त्या काळची ती ओळख पटवण्याची व्यवस्थाच होती. एवढी खबरदारी घेऊनही त्यांनी दार बंद केले नाही. खबरदारीमुळेच ते शतकानुशतके उघडे राहिले.

आज याचा अर्थ काय? पहिली भेट नेहमी सार्वजनिक ठिकाणी, म्हणजे उपासनेत किंवा सभागृहात. दुसरी घरात, पण जेवणापुरती, आणि घरात किमान दोन प्रौढ असताना. एकटी राहणारी स्त्री किंवा एकटा राहणारा पुरुष पाहुणचार करू शकत नाही असे मुळीच नाही. त्यांनी मंडळीतल्या दुसऱ्या कुणाला सहयजमान म्हणून बोलवावे. मुक्कामाला ठेवण्याची पायरी त्यानंतरची, आणि तिच्याआधी पाहुणा ज्या मंडळीतून आला तिच्या पाळकांशी, म्हणजे धर्मगुरूंशी, प्रत्यक्ष फोनवर बोलणे. चिठ्ठी पुरे नाही, चिठ्ठीवरचा क्रमांकही पुरे नाही. त्या मंडळीचा क्रमांक आपण स्वतः शोधून लावायचा. घरात मुले असतील तर पाहुणा आणि मूल बंद दाराआड एकटे राहणार नाहीत, मुलाची खोली पाहुण्याला दिली जाणार नाही, आणि हा नियम सख्ख्या काकापासून पाळकांपर्यंत सगळ्यांना सारखा. नियम सर्वांना सारखा असला की तो कुणाचा अपमान ठरत नाही. औषधांचे कपाट कुलपात. मुक्काम किती रात्रींचा हे येण्याआधीच बोललेले असावे: ‘गुरुवार ते शनिवार, रविवारी दुपारी आम्ही तुम्हाला स्टेशनवर सोडू.’ हे वाक्य उच्चारायला यजमानाला संकोच वाटतो, म्हणून तो गप्प राहतो, नवव्या दिवशी मनात धुमसतो आणि पुन्हा कधी कुणाला ठेवत नाही. आणि ज्याला हिंसेपासून आसरा हवा आहे, ज्याचे व्यसन हाताबाहेर गेले आहे, ज्याच्या मनाचा तोल ढळला आहे, त्याला घरी ठेवणे हे धाडस ठरेल, पाहुणचार नव्हे. तिथे प्रशिक्षित लोकच हवेत. अशा माणसाला तिथपर्यंत पोचवणे आणि नंतर दर आठवड्याला भेटायला जाणे हे आपले काम.

खोलीचे म्हणाल तर शूनेमच्या स्त्रीने अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर जी खोली केली तिची यादी दुसऱ्या राजे ग्रंथाच्या ४थ्या अध्यायात आहे: खाट, मेज, खुर्ची, दिवा. त्यात भर घालायचीच तर धुतलेला टॉवेल, रिकामा खण किंवा खुंटी, उशाशी पाण्याचा तांब्या, हाताशी चार्जिंगचा सॉकेट आणि एक कागद, ज्यावर वाय-फायचा पासवर्ड, सकाळी न्हाणीघर कधी मोकळे असते आणि रात्री कुणाला उठवायचे हे लिहिलेले आहे. तो कागद फार मोलाचा. पाहुण्याला सर्वांत जास्त थकवते ते प्रत्येक बारीकसारीक गोष्ट विचारावी लागणे.

आता वेळेचा आणि श्रमाचा आक्षेप. इथे मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे केवळ मान्य नाही, ते आणखी जोरात मांडावेसे वाटते. ‘आमच्या घरी नेहमी पाहुण्यांचा राबता असे’ हे अभिमानाने सांगणाऱ्या कित्येक घरांत तो राबता एका स्त्रीच्या पाठीच्या कण्यावर उभा होता. बोलावणारा एक, राबणारी दुसरी, आणि आशीर्वाद मिळाला बोलावणाऱ्याला. हे पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात मम्रेच्या एलोन वृक्षांजवळ तीन परके आले तेव्हा म्हातारा अब्राहाम स्वतः धावला, पाय धुवायला पाणी आणवले, गुरांकडे धावत जाऊन वासरू निवडले आणि पाहुणे जेवत असताना झाडाखाली उभा राहिला. पिठाचे काम साराकडे होते. पण यजमानपण त्याने अंगाने केले. अध्यक्षाची पात्रता सांगतानाही अतिथिप्रेम त्याच्यावरच टाकले आहे, त्याच्या बायकोवर नव्हे. तेव्हा नियम साधा असावा: ज्याने बोलावले त्याने भांडी घासायची. खरेदी, स्वयंपाक, आवराआवर ही तीन कामे तीन नावांवर, आणि नावे बोलावण्याआधी ठरलेली. प्रेषित पेत्र लिहितो की कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा. म्हणजे कुरकुर होते हे त्याला माहीत होते. कामाची वाटणी न करता कुरकुर तेवढी बंद करायला सांगणे हा अन्याय आहे.

घर लहान आहे, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. प्रत्यक्षात पाहुणचार मोडतो तो बहुतेक वेळा मोठ्या सुरुवातीमुळे. वर्षातून एकदा वीस माणसे, पाच पदार्थ, दोन दिवसांची साफसफाई, आणि मग ‘पुढच्या वर्षी बघू’. त्याऐवजी यजमान धरून सहा माणसे. सहाजणांत एकच बोलणे चालते. आठाच्या वर गेले की टेबलाचे दोन तुकडे पडतात आणि नवा माणूस नेमका मधल्या फटीत सापडतो. ‘कधीतरी या ना घरी’ हे आमंत्रण नव्हे, तो निरोप घेण्याचा एक प्रकार आहे. आमंत्रणाला दिवस असतो, वेळ असते आणि शेवटही असतो: ‘रविवारी एक वाजता या, अडीचपर्यंत बसू.’ शेवट सांगितला की लाजऱ्या पाहुण्याला उठायचे कधी याची धास्ती राहत नाही. चार-पाच दिवस आधी तीन गोष्टी विचाराव्यात: काय चालत नाही, जिना चढता येतो का, परत कसे जाणार. ॲलर्जी असेल तर नुसता तो जिन्नस वगळून भागत नाही. त्याचा डाव, सुरी, पाट वेगळे ठेवावे लागतात आणि बंद पाकिटांवरचे घटक वाचावे लागतात. मुख्य पदार्थ एकच, एका भांड्यातला, आदल्या रात्री होऊन फ्रीजमध्ये गेलेला आणि जेवणाआधी वाफा येईपर्यंत पुन्हा गरम केलेला. सोबत एखादा थंड पदार्थ आणि फळे. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नये. गप्पा रंगल्या की हेच विसरते. साफसफाई फक्त दाराची, संडासाची आणि टेबलाची. बाकीचे घर आहे तसे दिसू द्यावे, कारण चकचकीत घर पाहून पाहुण्याला पहिला विचार येतो तो ‘यांना आपल्या घरी कसे बोलवायचे’ हाच.

आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पाहुण्याच्या हाताला काम द्यावे. पेल्यांत पाणी भरणे, ताटे मांडणे, काहीही. ‘तुम्ही बसा हो, तुम्ही पाहुणे’ हे ऐकायला गोड लागते, पण त्या शब्दांनीच त्याला परके ठेवले जाते. येशूने सुखार गावच्या विहिरीवर त्या शोमरोनी स्त्रीशी बोलणे कसे सुरू केले? तिच्याकडे पाणी मागून. नव्या माणसाला टेबलाच्या टोकाला किंवा दोन जुन्या मित्रांच्या मध्ये बसवू नये. ऐकणाऱ्या माणसाशेजारी बसवावे. प्रार्थना करणार असाल तर आधी सांगा, ‘आम्ही जेवणाआधी दोन वाक्यांची प्रार्थना करतो, तुम्ही नुसते बसलात तरी चालेल,’ आणि मग ती खरोखर दोन वाक्यांची ठेवा. लग्न का नाही झाले, पगार किती, कुठल्या मंडळीचे, बाप्तिस्मा झाला का, ही चौकशी पहिल्या जेवणात नको. आणि यजमानाने स्वयंपाकघरात अडकून पडू नये. येशूला घरी बोलावणाऱ्या मार्थेला प्रभूने जेवण केल्याबद्दल बोल लावला नाही. पुष्कळ गोष्टींत जीव अडकवून ती पाहुण्यापासूनच दूर गेली, त्याबद्दल लावला.

घरच्या पाहुणचाराविरुद्धचा सर्वांत खरा आक्षेप मात्र या वादात कुणीच नीट मांडत नाही, म्हणून तो इथे मांडणे भाग आहे. घरे माणसांना वर्गांत वाटतात. करिंथमध्ये मंडळी घरांतच जमत होती, आणि तिथेच एक भुकेला राहिला नि दुसरा प्यायला, म्हणून पौलाने त्यांना पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात झाडले. सभागृहातल्या चहाला निदान सगळे सारखे असतात. घरी मात्र आपण आपल्यासारख्यांनाच बोलावतो. त्याच भाषेचे, त्याच पगाराचे, मुले त्याच शाळेत जाणारे. मग ते परतफेड करतात, मग आपण पुन्हा, आणि चार घरांची एक गोल साखळी तयार होते जिला आपण कौतुकाने ‘संगती’ म्हणतो. आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण त्याच्यावरचा उपाय घर बंद करणे हा आहे का? लूकच्या १४व्या अध्यायात येशू घरी जेवायला बसलेला असतानाच यजमानाला सांगतो की मित्र, भाऊ, नातलग, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, कारण ते तुला उलट बोलावतील. दरिद्री, व्यंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव, त्यांच्याकडे परत द्यायला काही नाही. ही व्यवहारात मोजता येणारी कसोटी आहे. गेल्या सहा जेवणांतल्या पाहुण्यांची नावे लिहून काढा आणि ज्यांनी आधी तुम्हाला बोलावले होते ती खोडा. उरलेली नावे किती? विधुर, घटस्फोटित स्त्री, नोकरी गेलेला, व्हीलचेअरवरचा तरुण, दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई, ज्याची भाषा आपल्याला अर्धीच कळते असा मजूर, यांतले कोण तुमच्या टेबलाला बसले?

आणखी एक घसरण आहे, उत्साही घरांत होणारी. जेवण हे आमिष होते. फळे पुढे आली की पुस्तिका निघते, कुणी आपल्या विश्वासाची ‘साक्ष’ द्यायला उभा राहतो, आणि पाहुण्याला कळून चुकते की आपण इथे सावज होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४४ या काळात, फ्रान्समधल्या ल शाँबों-सुर-लिन्यों या डोंगराळ गावात पाळक आंद्रे त्रोक्मे, त्यांची पत्नी माग्दा आणि भोवतालची शेतकरी कुटुंबे पळून आलेल्या ज्यू लोकांना घराघरांत लपवत होती. पकडले गेल्यावर काय होते ते त्यांना माहीत होते. त्या घरांनी आसऱ्याच्या बदल्यात धर्म मागितला नाही. आपला विश्वास लपवायचा नाही, विचारले तर आनंदाने सांगायचा. पण ताटाची किंमत म्हणून नाही. ‘मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले’ या येशूच्या वाक्यात परक्याने नंतर काय मानले याची नोंद नाही.

मग समित्या मोडीत काढायच्या का? नाही, त्यांचे काम बदलायचे. चहा राहू द्या. पहिल्या ओळखीसाठी तो चांगलाच आहे. पण समितीने स्वतः यजमान होणे सोडून जुळवणारे व्हावे. एक वही, तिच्यात दोन याद्या. पहिलीत घरे: कुणाकडे जिना नाही, कुणाकडे सहा खुर्च्या, कुणाकडे चार, कुणाला महिन्याचा दुसरा रविवार जमतो. दुसरीत माणसे: नवे आलेले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दहा-दहा वर्षे मंडळीत असूनही कुणाच्याच घरी न गेलेले. चाळीस कुटुंबांच्या मंडळीत प्रत्येक घराने दोन महिन्यांतून एकदा फक्त दोन पाहुणे बोलावले तरी वर्षाला २४० जेवणे आणि ४८० खुर्च्या होतात. ज्याच्याकडे खरेच जागा नाही त्याला सभागृहाच्या स्वयंपाकघराची किल्ली द्या. बोलावणारा मात्र तोच, समिती नव्हे. आजारी आणि वृद्ध, ज्यांना आपल्या घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या घरी डबा घेऊन जा आणि तिथेच त्यांना यजमान होऊ द्या. अम्माऊस गावच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनी ज्याला न ओळखता आग्रहाने आत घेतले त्यानेच, म्हणजे येशूनेच, भाकर मोडली; पाहुणा आणि यजमान यांच्या जागा अशा बदलतात. म्हणून तुमच्याकडे जेवून गेलेल्या माणसाने एका खोलीत स्टोव्हवर केलेल्या जेवणाला बोलावले, तर ‘कशाला उगाच त्रास’ म्हणू नका. जा आणि वाढलेले सगळे खा.

आणि त्या वहीत एक रकाना अवश्य ठेवा: दुसरे बोलावणे कधी झाले. पहिले जेवण दोन्हीकडच्या कुतूहलावर निभावते, त्यात सगळेच जरा अवघडलेले असतात. दुसऱ्या वेळी माणूस न विचारता पेले कुठे आहेत ते शोधतो. हे दुसरे बोलावणे तीन आठवड्यांच्या आत जायला हवे, त्यानंतर ते सहसा जातच नाही. मंडळीच्या वार्षिक सभेत चहावर किती खर्च झाला हे दरवर्षी वाचून दाखवतात. त्याच्याच खाली त्या रकान्यातला आकडा वाचला जावा.